मवाळ इंजिन

इंजिन चांगलं की वाईट हे ते पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून ठरवत. इंजिन सुरू करायला लावायचं, त्याच्या डोक्यावर सपाट जागा बघून तांब्या ठेवायचा आणि समोर उकिडवं बसून पाण्याकडे बघत राहायचं. मिस्त्री इंजिनाच्या ताकदीचे गोडवे गायचा, मालक गाडी कुठे कुठे जाऊन आली ते सांगायचा, यांचं सगळं लक्ष पाण्यात. पाणी सांडलं की ते उठत, उरलेलं पिऊन टाकत आणि "ऱ्हाऊ द्या" म्हणून चालू लागत. मी त्यांच्याबरोबर असायचो. कितीदा शरमेने मान खाली घातली असेल, कोण जाणे.

ते माझे घरमालक. मी तेव्हा चौक गावाला पोस्टात कारकून होतो, आणि त्यांच्या पडवीलगतच्या दोन खोल्यांत माझा नवा संसार होता. पोस्टात बसणारा तो मास्तर, या न्यायाने गाव मला मास्तर म्हणे. त्यांना म्हणे डायवरबाबा. ते मात्र दर वेळी दुरुस्ती करत, "डायवर नाय, फायरमन." जन्मभर त्यांनी कर्जतच्या शेडमध्ये नोकरी केली, तीही बँकरवर. बोरघाट चढायला आगगाडीला पुढच्या इंजिनाचा जोर पुरत नसे म्हणून कर्जतला तिच्या पाठीशी आणखी इंजिन लावत, त्याचं नाव बँकर. ते गाडीला मागून ढकलत घाटमाथ्यापर्यंत नेई, तिथे सुटून परत खाली येई आणि पुढच्या गाडीची वाट बघत उभं राही. बाबा त्यात कोळसा टाकत. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा ते घरी आले.

"किती गाड्या चढवल्या पुन्याकडं," ते सांगत. "पन पुढं काय दिसतंय ते एकदा बी नाय बघितलं. समोर कायम दुसऱ्याच्या डब्याची पाठ."

या नोकरीने लावलेल्या खोडी त्यांच्या सुटल्या नाहीत. वरातीत, प्रेतयात्रेत, बाजाराला जाताना ते सगळ्यांच्या शेवटी चालत. कोणी पुढे या म्हटलं तर अवघडून जात. वाटेत बैलगाडीला चढ लागला की गाडीवानाने हाक मारो न मारो, हे मागून खांदा लावत. माझ्या बायकोच्या चुलीचा तर त्यांनी ताबाच घेतला होता. ती बिचारी घाईत चार लाकडं एकदम सारायची. पडवीतून ते बघत, आणि त्यांना राहवत नसे.

"सूनबाई, आग भुकेली ठिवायची, उपाशी नाय ठिवायची. जरा जरा घाल गं."

ती हसून दोन लाकडं मागे ओढी. ते आपल्या घरात गेले की पुन्हा सारी.

सकाळी उठून ते घमेलं डोक्यावर घेत आणि कर्जतच्या रस्त्याला लागत. खड्ड्यांत मुरूम टाकायचा, वर आलेले दगड उपटून कडेला करायचे. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही. रस्त्याचा मुकादम एकदा पोस्टात आला आणि आवाज खाली आणून मला म्हणाला, "मास्तर, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का वो?" मी नाही म्हणालो. खात्री मलाही नव्हती.

कारण कळलं ते बायकोकडून. पुरुषांशी बाबा इंजिनांबद्दल बोलत, बाकीचं सगळं तिच्याशी. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात अडली होती. बाबा कर्जतला कामावर होते, म्हणून थोरल्या भावाने तिला बैलगाडीत घालून कर्जतच्या दवाखान्याकडे नेलं. चौक आणि कर्जत यांच्या मधे एक खिंड लागते. त्या खिंडीच्या चढावर ती गेली, पोटातलं मूलही गेलं. बाबा त्या वेळी घाटात अनोळखी माणसांनी भरलेली गाडी ढकलत होते. भावाने त्यांना एवढंच सांगितलं की ती वाटभर एकच म्हणत होती, गचके बसतात, गाडी हळू हाना. हळू हाकली तर उशीर, जोरात हाकली तर गचके. भावाने दोन्ही करून पाहिलं.

बाबांनी पुन्हा लग्न केलं नाही. "मी तितं नव्हतो," ते माझ्या बायकोला म्हणाले होते. "शेवटाला ती कशी दिसत व्हती, ते बी मला ठाव नाय."

आमच्या घरातही तेव्हा हेच भय होतं. आमचं पहिलं मूल पोटातच, सहाव्या महिन्यात गेलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या खेपेला शेवटचा महिना इथे येऊन राहा. त्याच्या आधी काही झालं तर हिला आडवं झोपवून आणा आणि हादरे बसू देऊ नका. बैलगाडी आणि तो रस्ता, या दोहोंत हादरे बसू द्यायचे नाहीत म्हणजे काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. बायकोला आई नाही, त्यामुळे माहेरी पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंदाच्या आधी मला तो रस्ताच आठवला. बाबांना हे कसं कळलं, मला माहीत नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मोटार आणली.

आणली म्हणजे दोन बैल जुंपून ओढत आणली. कुणा शिकाऱ्याची जुनी गाडी, इंजिन तडकून पुण्याच्या रस्त्याकडेला पडून होती, ती त्यांना जवळजवळ फुकट मिळाली. टप कापडाचा, रंग उडालेला, एक दिवा गायब. गाव जमलं. बाबांनी आधीच पुढची डावी बैठक काढून टाकली होती आणि तिथून मागच्या बाकापर्यंत एक लांब फळी टाकली होती. सगळ्यांच्या देखत ते त्या फळीवर हातपाय ताणून झोपले.

"बघा. बाईमानूस सरळ झोपंल. आता फकस्त इंजिन पायजे."

फकस्त! त्या एका शब्दापायी मी पनवेलपासून नेरळपर्यंत त्यांच्या मागे फिरलो. फिरलो, कारण ती गाडी कोणासाठी तयार होतेय ते मला दिसत होतं, आणि इंजिन निवडण्याचं काम एका तांब्यावर सोडायला माझं मन तयार नव्हतं.

पहिलं इंजिन पनवेलच्या मिस्त्रीकडे होतं, मालवाहू लॉरीचं. मिस्त्री मुंबईहून आलेला, बोलायला गोड. "बाबा, ये इंजन पहाड चढेगा," तो म्हणाला आणि त्याने हँडल मारलं. इंजिन सुरू झालं तसा छपराचा पत्राही वाजायला लागला. बाबांनी तांब्या ठेवला. पाणी तर सांडलंच, तांब्याही घरंगळला. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की खिंड चढायची तर असलंच दांडगं इंजिन हवं. ते तांब्याचा पोचा अंगठ्याने दाबत राहिले.

दुसरं कर्जतला, भाताच्या गिरणीचं. गिरणीमालकाला नवं घ्यायचं होतं, म्हणून हे तो आमच्या गळ्यात मारायला बघत होता. ते रॉकेलवर चालत असे आणि त्याचा ठोका स्टेशनापर्यंत ऐकू येई. तांब्या ठेवायची वेळच आली नाही. बाबांनी त्याच्या जोत्यावर नुसता तळहात टेकला आणि म्हणाले, "हे मुसळ हाय. भात कांडू द्या त्याला."

तिसरं नेरळला सापडलं. माथेरानला हवा खायला येणारी एक म्हातारी पारशीण मुंबईहून लहानशा विलायती मोटारीने नेरळपर्यंत यायची, गाडी स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये ठेवायची आणि पुढे डोंगरावर जायची. ती वारली, गाडी तिथेच राहिली. चाकं कोणी काढून नेली होती, कोंबड्या आत अंडी घालत होत्या. शेडवाल्याला ती जागेतून काढायचीच होती. इंजिन चालू केलं तर ते चालू आहे की नाही यावरच आमचा वाद झाला. बाबांनी तांब्या ठेवला. पाण्यावर बारीक शहारा आला, थेंब काही सांडला नाही. ते कितीतरी वेळ तसेच बसून होते. मग त्यांनी गाल त्या इंजिनाला टेकवला, म्हशीच्या पोटाला टेकवावा तसा.

"हेच," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी भांडलो. म्हातारीला सपाट रस्त्यावर फिरवणारं इंजिन ते, आमच्या जड गाडीत खिंड कशी चढणार? त्या दिवसांतल्या राजकारणात मवाळ ही जवळजवळ शिवीच होती. मी त्या इंजिनाला मवाळ म्हणालो आणि पुढे गावानेही तेच नाव धरलं. बाबांना राग आला नाही. ज्याला साधी गोष्ट कळत नाही अशा माणसाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत होते.

"मास्तर, आपल्या कर्जतला एकटं इंजिन कदी घाट चढलंय का?"

"म्हणजे?"

"चढाला मागनं कोनीतरी लागतंच. त्यात लाज कसली? पुढच्यानं आपला डबा नीट न्यायचा. जोर मागचा देतो. आपन खिंडीला बँकर ठिवू."

मी कपाळाला हात लावला. पण त्यांनी खरोखरच बँकर ठेवला. खिंडीच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी होती. बाबा तिथे जाऊन बसले आणि वाडीच्या नाईकाशी बोलणं केलं. चढाखाली मोटार थांबेल, भोंगा वाजेल. तुम्ही कुकारा घालायचा, म्हणजे रानात एकमेकांना लांबून घालता तशी हाक. आणि मग येऊन ढकलायची. नाईकाने विचारलं, आमचं कोणी आजारी पडलं तर? बाबा म्हणाले, "पयलं तुमचं." एवढ्यावर ठरलं. घाटात पुढचं इंजिन शिटी देई आणि मागचं उत्तर देई, मगच गाडी हले. उत्तर आल्याशिवाय चढाला चाक लावायचं नाही, हा बाबांचा नियम तिथूनच आलेला.

पनवेलच्या मिस्त्रीने लोहाराकडून पट्ट्या मारून घेऊन ते इंजिन, त्याच्याच गिअरच्या पेटीसकट, बसवून दिलं. बसवताना तो हसत होता, पण बाबांना गाडी हाकायलाही त्यानेच शिकवलं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मोटार चालली आणि मला गप्प बसावं लागलं. वाडीतला एक बाप्या तापाने फणफणला होता, त्याला नेला. शेजारच्या गावातल्या एका सुनेला नेली, तिला जुळं झालं. भोंगा वाजला की वाडीतून कुकारा यायचा, पाचदहा माणसं धावत यायची, आणि ती गाडी एखादी पालखी जावी तशी खिंड चढायची. मी एकदा फुटबोर्डावर उभा राहून गेलो होतो. पोटातलं पाणी हललं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा निर्धास्त झोपलो.

मार्गशीर्षात, आमचं कर्जतला राहायला जाणं अजून लांब असताना, एका सकाळी बायकोने मला पोस्टातून बोलावून घेतलं. कळा येत होत्या आणि रक्त जात होतं. बाबांनी गाडी दाराशी लावलीच होती. फळीवर कापसाची गादी, गादीवर तिला झोपवलं, डोकं मागच्या बाजूला, पाय पुढे. टप मागे टाकलेला. मी फुटबोर्डावर. बाबा चाकाशी असे बसले होते की जणू मांडीवर मूल आहे. तरीही गाडी हादरत होती. सरकारी रस्त्यावर पावसाळ्याने केलेले खड्डे एका म्हाताऱ्याच्या घमेल्याने बुजणारे नव्हते, आणि इंजिन कितीही मवाळ असलं तरी चाकं त्याच रस्त्यावरून जाणार. ती ओठ मिटून होती.

खिंडीखाली गाडी थांबली. बाबांनी भोंगा वाजवला. उत्तर आलं नाही.

पुन्हा वाजवला. वाडीकडे बघितलं तर कुडांच्या दारांना काट्या लावलेल्या, धूर कुठेच नाही. तेव्हा आम्हा दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. दिवाळी झाली की कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, बायकापोरांसकट, ते पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. दर वर्षी जातात. बाबांनी हे लहानपणापासून बघितलेलं, मीही ऐकलेलं. पण बाबांच्या हिशेबात बँकर म्हणजे बाराही महिने आपल्या जागी उभा असणारा. तो कधी पोटासाठी दुसरीकडे जाईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चला बाबा, बघा तरी चढून," मी म्हणालो.

"उत्तर आलं नाय." त्यांनी पुन्हा भोंगा वाजवला, मग आणखी एकदा. तशी त्यांची अवस्था मी कधी पाहिली नव्हती. ती जागा कुठली आहे ते मला माहीत होतं, आणि आपण इथे बोलतो तोवर काय होऊ शकतं तेही. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बाबांनी गिअर टाकला, गाडी चढाला लागली, थोडी गेली, इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. ब्रेकवर गाडी हळूहळू पुन्हा खाली आली. मी मागे जाऊन ढकलून पाहिलं. एका कारकुनाच्या खांद्याने काय होणार?

तेवढ्यात माझ्या बायकोने हाक मारली. मला नव्हे, त्यांना. "बाबा, इथे नका थांबू."

ती एवढंच म्हणाली. बाबा खाली उतरले, हँडल मारून इंजिन सुरू केलं, वाडीच्या मोकळ्या जागेत गाडी वळवली आणि तिचं तोंड चौकाकडे केलं. मला वाटलं, झालं, घरी निघाले.

"मास्तर, चढाच्या अंगाला जा आन् तितनं सांगा, डावं का उजवं. रिवर्सात लई जोर असतो. मिस्त्री बोलला व्हता."

अशी ती गाडी खिंड चढली, उलटी. मी वरच्या अंगाला, दगड लाथेने उडवत, "डावीकडे, बाबा, थोडं डावीकडे" म्हणत मागे मागे सरकत होतो. इंजिन रडत होतं पण थांबत नव्हतं. उलटी गाडी चालवायची म्हणजे माणसाला मागे वळून बसावं लागतं. बाबा तसे बसले होते, एक हात चाकावर, एक बैठकीच्या पाठीवर. रस्त्याकडे त्यांनी बघितलंच नाही. माझ्या हाकेवर चाक फिरवत होते आणि पूर्ण चढभर माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघत होते. ती मधेच डोळे मिटून विव्हळे, तसं त्यांचंही तोंड वाकडं होई. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी गाडी वळवून सरळ केली आणि कर्जतच्या दवाखान्याच्या दाराशी नेऊन उभी केली.

दुपार टळल्यावर मुलगी झाली. लहानखोर, पण रडली चांगली. नर्सबाईंनी मला आत बोलावलं ते मात्र रागे भरायला. बायकोच्या कमरेपासून वर एका बाजूची कातडी फळीला घासून सोलवटली होती. गादी केव्हाच खाली सरकली होती, आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. "कशात घालून आणलीत हिला?" बाईंनी विचारलं. त्या औषध लावत होत्या आणि बायको उशीचा कोपरा दातात धरून होती.

बाबा बाहेर दाराशी उभे होते. आत यायला धजत नव्हते. शेवटी तिनेच हाक मारली. ते आले, मुलीकडे लांबून बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं आणि हात मागे घेतले. मग खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"सूनबाई, खिंडीत मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हतो. लई दुखत व्हतं तुला."

"हो, बाबा."

"ते कळांचं व्हतं, का गचक्यांचं?"

मी खिडकीकडे बघायला लागलो. बायकोने मात्र वेळ लावला नाही.

"कळांचं," ती म्हणाली. "गचके कसले, बाबा? दोन कळांच्या मधे मला डोळा लागत होता."

"खरं सांगतीस?"

"खरं."

बाबांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि होते तिथेच जमिनीवर बसले. मग ते रडायला लागले, मोठ्याने, घरातलं माणूस आत्ताच गेलं आहे असे. नर्सबाई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. माझ्या बायकोने बाळ मला दिलं. तिला त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. त्यासाठी तिला सोलवटलेल्या अंगावर वळावं लागलं, आणि ती वळली, तोंडातून आवाज न काढता.